पट्ट्यांचे पाणी

दिवाळी आली की घरोघरी कपाटे उघडतात, आणि कपाटांबरोबर एक जुना वादही उघडतो. आजीची पैठणी नेमकी कोणत्या रंगाची? थोरली सून म्हणते जांभळी, धाकटी म्हणते निळी, आणि आजी ठणकावून सांगते, "अगं, ती लालच आहे. मला विचारा, मी नेसले आहे ती." गंमत अशी की तिघींचेही खरे असते. धूपछाव म्हणतात ती हीच. उभा धागा तांबडा, आडवा धागा निळा, आणि दोहोंच्या विणीतून प्रकट होणारा तो जांभळा. हा जांभळा येवल्याच्या कोणा रंगाऱ्याने हंड्यात कालवलेला नसतो. भिंग लावून पाहाल तर तांबडे धागे दिसतील, निळे दिसतील. जांभळा म्हणून एक धागा सापडणार नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो, आणि पदर जरा हलला की पुन्हा मोडतो.

हा चमत्कार एकट्या पैठणीचा नव्हे. दारात रांगोळी काढणारी मुलगी पिवळ्याच्या कडेवर चिमटीने केशरी भुरभुरते. दोन्ही भुकट्या आपापल्या जागी वेगळ्याच असतात. परंतु उंबऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला पिवळ्याचे केशरी नेमके कोठे झाले ते सांगता येत नाही. आमच्या आजोळच्या भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती, तिच्या गालांवरची लाली अशीच. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड असे. त्या दगडावर कारागीर ठिपके काढीत बसे. दाट काढले तेथे रंग गडद, विरळ काढले तेथे फिका. लक्ष्मीच्या हनुवटीखालची ती कोवळी सावली म्हणजे कोणा एका माणसाच्या मनगटाला आलेल्या कळाच समजा!

याच छापखान्यासाठी काम केलेले आणि छपाईत मुरलेले दादासाहेब फाळके १९०९ साली रंगीत छपाईची विद्या शिकण्यासाठी जर्मनीस गेले. त्याच १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे तुमच्या हातातला हा अंक आणि मराठी माणसाचे रंगीत ठिपक्यांचे वेड, दोन्ही जवळजवळ एकाच वयाची. आजही या अंकातले एखादे रंगीत चित्र भिंगाखाली धरा. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे ठिपके तेवढे दिसतील. जाहिरातीतल्या चकलीचा तो खमंग तांबूस रंग छापखान्यात कोणत्याच डब्यात नव्हता.

एवढी प्रस्तावना कशासाठी, असे वाचक विचारतील. सांगतो. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, तिकडची गाणी टिपून घेण्याच्या निमित्ताने मी नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीकडे बोटीने चाललो होतो. अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या दक्षिण काठावरचे हे गाव. सरदार सरोवराच्या भिंतीपासून पाण्याने वर निघाले की महाराष्ट्राच्या हद्दीत लागणारे पहिलेच. नर्मदेची परिक्रमा केलेल्यांच्या तोंडून आपण शूलपाणीच्या झाडीविषयी ऐकलेले असते, ती झाडी याच भागातली. आता तेथे दोन्ही बाजूंना डोंगरांचे माथे आणि मध्ये निश्चल, हिरवट, अफाट पाणी. नदी म्हणावे तर वाहत नाही, समुद्र म्हणावे तर लाट नाही.

बोटीत आश्रमशाळेतून सुटीला घरी निघालेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. फोनवर काहीतरी खेळत होता. मी डोकावून पाहिले आणि एकदम तीस वर्षे मागे गेलो. जुन्या खेळयंत्रांचे हुबेहूब सोंग घेणारी सोय हल्ली फोनवर मिळते. त्या सोंगात तो निळ्या काटेरी प्राण्याचा, सॉनिकचा, खेळ चालला होता. माझ्या पिढीच्या वाचकांना आठवेल. खेळाच्या चिपेला आपण 'कॅसेट' म्हणत असू, आणि ती चालेना की तिच्या तोंडात फुंकर मारीत असू. त्या फुंकरीने काय होई हे देवच जाणे, पण घरातल्या वडील माणसांचाही तिच्यावर विश्वास होता.

"काय रे, कुठवर आलास?" मी विचारले.

मुलाने मान वर केली. "सर, एक विचारू? हे पाणी पडतंय ना वरून, ते असं पट्ट्यापट्ट्यांचं का? पाणी आहे का कूड आहे?"

मी नीट पाहिले. खरेच होते. खेळातला धबधबा म्हणजे उभ्या बारीक रेघा. एक रेघ पाण्याची, एक रेघ मोकळी, मोकळ्या रेघेतून मागचा खडक दिसतो. बांबूच्या कामट्यांचा कूड उभा करावा तसा. लहानपणी आमच्या टीव्हीवर हाच धबधबा इतका नितळ दिसे की मागचा खडक ओला वाटे.

त्या पोराला जे सांगितले तेच आता वाचकांना जरा सविस्तर सांगतो. कारण पोराचा प्रश्न मार्मिक होता आणि त्याचे उत्तरही तसेच आहे.

सेगा या जपानी कंपनीचे मेगा ड्राइव्ह नावाचे यंत्र १९८८ साली निघाले, आणि सॉनिक १९९१ साली. १९९० च्या दशकाच्या मध्यास शॉ वॉलेस कंपनीने सेगाची यंत्रे आपल्याकडेही विकायला आणली होती. पण ती थोड्यांच्या घरी. बाकीच्यांनी निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची स्वस्तातली जुळी भावंडे घेतली. ही सारी यंत्रे रंगांच्या बाबतीत फार काटकसरी. मेगा ड्राइव्हच्या दुकानात रंग होते ५१२. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी आठ पायऱ्या, आठ गुणिले आठ गुणिले आठ. परंतु ताटात एका वेळी वाढायला खण होते फक्त ६४, आणि त्यांतलेही काही 'येथे रंग नाही' एवढेच सांगण्यासाठी राखलेले. एवढ्या शिध्यात आकाश, डोंगर, समुद्र, नायक, खलनायक आणि धबधबा, सगळ्यांची पंगत उठवायची!

त्यात आणखी एक अडचण. या यंत्राला अर्धे पाहणे ठाऊक नव्हते. पडद्यावरचा ठिपका एकतर पाण्याचा किंवा खडकाचा. 'पाण्यातून दिसणारा खडक' असा हिशेब करण्याची ताकद यंत्रात नव्हती. तेव्हा चित्रकारांनी येवल्याच्या विणकराचीच युक्ती केली. एक उभी रेघ पाण्याची काढली, शेजारची मोकळी सोडली, पुढची पुन्हा पाण्याची. आता यंत्रातून टीव्हीकडे जाणारी तार तेव्हा एकच असे. त्या एका तारेत उजेड आणि रंग कोंबून पाठवायचे, म्हणजे दिवाळीतल्या एसटीसारखा प्रकार. त्या गर्दीत रंगांचे बारकावे चेंगरून जात, शेजारच्या रेघा एकमेकींत उतरत, आणि काचेवर उमटे ते झिरझिरीत पाणी. ज्यांनी धबधबा रेखला त्यांनी टीव्हीचा हा अंधुकपणा हिशेबात धरला होता. यंत्राच्या दुबळेपणाला टीव्हीचा दुबळेपणा जोडून त्यांनी सुंदर काही घडविले. दोन लंगड्यांनी मिळून शर्यत जिंकावी तसे.

फोनचा पडदा मात्र लख्ख. तो एकही रेघ पुसट करीत नाही, म्हणून त्याच्यावर कूड दिसतो. दोष चित्राचा नाही आणि फोनचाही नाही. ज्या नजरेसाठी चित्र काढले ती नजर बदलली.

दुसरी युक्ती लुकलुकीची. फॅमिकॉमसारख्या आणखी गरीब यंत्रांवर एखादी सावली अर्धपारदर्शक दाखवायची असेल, तर ती एका क्षणी काढायची, पुढच्या क्षणी पुसायची. सेकंदाला पन्नास-साठ वेळा चित्र बदलते, म्हणजे पंचवीस-तीस वेळा सावली आहे आणि तितक्याच वेळा नाही. काचेवरचा उजेड विझायला किंचित वेळ घेतो, डोळाही आधीचे दृश्य चटकन सोडीत नाही, आणि दोघांच्या संगनमताने 'आहे' आणि 'नाही' यांच्या मधली एक विरळ सावली तयार होते. पाकळीपाकळीने रंग बदलणारे भुईचक्र पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी युक्ती मला सर्वांत नामी वाटते. टीव्हीचे चित्र एकदम उमटत नसे. वरून खाली, एकेक आडवी ओळ याप्रमाणे ते विणले जाई. एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याच्या मध्ये पापणीच्या शतांशाहूनही लहान असा विसावा असे. हुशार खेळकर्त्यांनी तेवढ्या विसाव्यात हात घातला. ओळ संपली की खणातला रंग काढायचा, दुसरा भरायचा, मग पुढची ओळ. अशा रीतीने खण एकच असला तरी आकाशाच्या माथ्यावर गडद निळा, मध्ये जांभूळ, क्षितिजाशी शेंदरी अशी संध्याकाळ उतरत येई. निन्टेंडोचे सुपर फॅमिकॉम १९९० साली आले, त्यात तर या कामाची खास सोय होती. शिवाय त्याला ३२,७६८ रंग ठाऊक होते, आणि मुख्य म्हणजे दोन थरांतल्या रंगांची बेरीज करून निम्मी करण्याचे गणितही येत होते. तेथे धुके खरोखरीच मागच्या डोंगरात मिसळे; कुडाची गरज उरली नाही.

ओळीमध्ये रंग बदलण्याच्या या युक्तीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सॉनिकच्याच पाण्याच्या भुयारात आहे. भुयारात पाणी चढते आणि उतरते. मुले समजतात की चित्रकाराने पाणी काढले. वस्तुतः पृष्ठभागावरची एक लाटांची रेघ सोडली तर पाणी कोणी काढलेलेच नाही. यंत्राला फक्त एक आकडा सांगितलेला असतो: अमुक क्रमांकाची ओळ. ती ओळ आली की खणांतले सगळे रंग बदल. ओळीच्या वर भिंत पिवळी, ओळीच्या खाली तीच भिंत हिरवट. दगड तेच, खांब तेच, खेळाडू तोच. आकडा बदलला की रेषा वर सरकते, आणि काल उन्हात असलेला खांब आज पाण्यात असतो.

हे मी बोटीत सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. कारण आमच्या खाली तीच गोष्ट पसरली होती.

मणिबेलीला हा आकडा कोणी, कधी सांगितला? पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसविली ५ एप्रिल १९६१ रोजी. नर्मदा लवादाचा निवाडा आला १९७९ साली, आणि धरणाची अखेरची उंची त्याने ठरविली. महाराष्ट्रातल्या ३३ गावांच्या नकाशावर एक रेषा पडली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची खालची घरे पाण्यात गेली. लोक जागचे हलत नव्हते, पाणी चढत होते, आणि त्याची छायाचित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. मणिबेलीचे पुरातन शूलपाणेश्वराचे मंदिरही पाण्याखाली गेले. नवे मंदिर गुजरातेत गोऱ्याला बांधले. त्याच १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारने नाकारला होता. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांसाठी बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या या पाड्यांचे नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर पोचले ते असे.

रेषा मात्र थांबली नाही. काही वर्षे अडली, मग सरकू लागली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ९० मीटर, २००४ साली ११०.६४, २००६ साली १२१.९२, आणि २०१७ साली दरवाजे बंद झाल्यावर १३८.६८. त्या पातळीपर्यंत पाणी प्रथम भरले सप्टेंबर २०१९ मध्ये. दशांशाचे दोन दोन आकडे पाहा. एवढ्या काटेकोरपणे ओळ मोजणारे, ओळीखालचे चुलीसुद्धा तितक्याच काटेकोरपणे मोजतात असे मात्र घडले नाही. लवादाने जमीन जाणाऱ्या कुटुंबांना किमान दोन हेक्टर जमीन द्यावी असे म्हटले होते, आणि सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरावा असेही. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागदच नसलेल्याने काय दाखवावे, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. कोणी गुजरातेत वसले, कोणी तळोद्याकडे, आणि कोणी डोंगरावर चढून तेथेच राहिले.

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला एका शब्दाचे नवल वाटते. सरकारी कागदात या गावांना 'बुडीत' म्हणतात. बँकेतही 'बुडीत' असते, ते कर्ज. वसूल होण्याची आशा नाही म्हणून खात्यातून काढून टाकायची रक्कम ती बुडीत, आणि आंबा, चिंच, देव, स्मशान यांसकट जलाशयाखाली गेलेले गावही बुडीत. आमची भाषा रंगांच्या बाबतीत किती श्रीमंत. आमसुली काय, अबोली काय, मोरपंखी काय, चिंतामणी काय! साडीच्या दुकानात ती एका निळ्याची दहा नावे सांगेल. येथे मात्र तिच्या ताटात एकच खण निघाला, आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तिने तोच रंग लावला.

मुलगा पाण्याकडे बोट करून म्हणाला, "आमचं जुनं घर इथंच खाली होतं. आजा दाखवतो."

"कधी दिसतं का रे खाली?"

"नाही सर. पाणी गढूळ. उन्हाळ्यात उतरलं की गाळ दिसतो. आजा म्हणतो, गाळाखाली आहे."

आजोबांना ठावठिकाणा कसा कळतो म्हणून विचारले, तर म्हणाला, "समोरचा डोंगर बघून. डोंगराचं टोक आणि तो कडा एका रेषेत आला की खाली आमचं अंगण." बोट चालविणाऱ्या दादांनी मान डोलावली. त्यांचेही अंगण तिकडेच कोठेतरी असावे.

मग मी त्याला फोन हातभर लांब धरून डोळे किलकिले करायला सांगितले. त्याने तसे केले आणि ओरडलाच, "झालं की पाणी!" पुन्हा डोळे उघडले, पुन्हा कूड. हा खेळ त्याला मूळ खेळाहून आवडला. काठ येईपर्यंत डोळे मिटणे-उघडणे चालू होते.

या धरणाविषयी शहरातल्या दिवाणखान्यांतून आजवर पुष्कळ वाद झाले आहेत. एक धागा कच्छ आणि सौराष्ट्राच्या तहानेचा आहे. तो खोटा नाही, ज्या घरी नळाला पाणी आले त्या घरच्या बाईला विचारा. विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला, तोही कागदावर आहे. दुसरा धागा या आजोबांच्या अंगणाचा. लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यात दोन्ही धागे मिसळतात आणि 'विकासासाठी थोडा त्याग' असा एक सोज्ज्वळ, मधलाच रंग तयार होतो. तो रंग धूपछावीसारखाच आहे. जवळ गेल्यावर त्या रंगाचा धागा सापडत नाही. पाणी एकाच्या नळाला आले आणि अंगण दुसऱ्याचे गेले. दोघांची बेरीज करून निम्मे करण्याचे गणित सुपर फॅमिकॉमला साधले. माणसांच्या हिशेबात ते बसत नाही. येथे प्रत्येक रेघ आपापल्या जागी वेगळी राहते आणि तिचा हिशेबही वेगळाच द्यावा लागतो.

१९९३ साली वर्तमानपत्रात छापलेली मणिबेलीची छायाचित्रे आमच्यासारख्यांच्या घरी चहाच्या कपाखाली आली आणि गेली. तीही ठिपक्यांचीच होती. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा म्हणजे काही काळे ठिपके, दाट आणि विरळ. हातभर अंतरावरून तो चेहरा नीट दिसतो. त्याहून दूर धरला की फक्त करडा डाग.

यंदाच्या दिवाळीत कोणी धूपछाव नेसून आले तर चार पावलांवरूनच पाहावे आणि मोकळ्या मनाने छान म्हणावे. धागे मोजू नयेत. ज्याने विणली त्याची तीच इच्छा होती. मुलांनी जुन्या खेळातला धबधबा दाखविला तर डोळे किलकिले करावेत. चित्रकारावर अन्याय होणार नाही. गावाचे तसे नाही. गाव कोणी लांबून पाहण्यासाठी वसविलेले नसते. त्याच्याविषयी मत द्यायचे तर बोटीत बसावे, डोळे पुरते उघडे ठेवावेत, आणि डोंगराचे टोक कड्याशी जुळले की क्षणभर बोट थांबवावी. खाली कोणाचे तरी अंगण आहे.